दोन मुलं, उणे अठरा आणि घरात मी एकटी

ताई, नमस्कार.
आम्ही जूनमध्ये नाशिकहून कॅनडात, एडमंटनला आलो. मुलगा चार वर्षांचा, मुलगी अकरा महिन्यांची. नवरा फोर्ट मॅकमरीच्या पुढे तेलाच्या साइटवर आहे. चौदा दिवस तिकडे कॅम्पवर, सात दिवस घरी. नोव्हेंबर लागल्यापासून दारात बर्फ आहे. परवा उणे अठरा होतं, तर शेजारची बाई हसून म्हणाली, ही काहीच नाही. मला गाडी येत नाही. दोघांना कपडे चढवता चढवता जीव मेटाकुटीला येतो, म्हणून हल्ली बाहेर पडणंच सोडलंय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर रोज बजावतात, बाळाला बाहेर काढू नकोस. मुलगा दिवसभर टीव्हीपुढे. मी त्याच्यावर खेकसते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. नवरा म्हणतो, सगळे राहतातच की इथे. आई म्हणते, पोरांना घेऊन होळीपर्यंत निघून ये. जाऊ का? की मीच कमी पडतेय?
— एक नाशिककर

जा. पण आत्ता नको, आणि होळीपर्यंत तर नकोच. संक्रांतीच्या आसपास नीघ आणि फेब्रुवारी सरता सरता परत ये. असं का, ते पुढे सांगते. आधी तुझा शेवटचा प्रश्न.

तू कमी पडत नाहीयेस. चौदा दिवस, दिवसरात्र, दोन पोरं आणि एकटी बाई, हे नाशिकलाही निभलं नसतं. फरक इतकाच, की तिथे ते एकटीवर पडलंच नसतं. खालच्या काकूंनी बाळाला तासभर उचलून नेलं असतं, मुलगा जिन्यात शेजारच्या पोरांबरोबर धुडगूस घालत बसला असता, आणि कुणी नाही तर भाजीवाल्याशी चार शब्द झाले असते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. थंडीविषयी त्यात दोन-तीन वाक्यं आहेत, बाकी सगळं एकटेपणाविषयी आहे. थंडीचा बंदोबस्त दुकानात विकत मिळतो. म्हणून आधी माणसांचं बघू, कपड्यांचं मागाहून.

सुरुवात त्या शेजारच्या बाईपासून. 'ही काहीच नाही' हा टोमणा नव्हता गं. अल्बर्टात, म्हणजे एडमंटन ज्या प्रांतात आहे तिथे, हवामानावर बोलणं म्हणजे आपल्याकडचं 'काय, जेवण झालं का?' तिने बोलायला तोंड उघडलंय, आता तू उघड. चार लाडू घेऊन तिच्या दारात जा आणि विचार, मुलांचे बूट कुठून घेऊ? सल्ला विचारलेला इथल्या लोकांना फार आवडतो. बूट कळतीलच, शिवाय तुझा नवरा कॅम्पवर असताना अडीअडचणीला हाक मारता येईल असं एक दार तयार होईल.

दुसरं, लायब्ररी. एडमंटन पब्लिक लायब्ररीचं कार्ड शहरात राहणाऱ्याला फुकट मिळतं आणि बाळांसाठी, छोट्यांसाठी गाणी-गोष्टींचे वर्ग असतात. तिथे काय शिकवतात याला फारसं महत्त्व नाही. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी जा, म्हणजे तेच चेहरे दिसतील. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी बाळाचं नाव विचारेल. बसचं भय बाळगू नकोस. मोठ्याचं तिकीट असलं की बरोबरची बारा वर्षांपर्यंतची मुलं एडमंटनच्या बसमध्ये फुकट जातात. फक्त बस कुठवर आली ते फोनवर बघूनच घराबाहेर पड, स्टॉपवर ताटकळू नकोस.

तिसरं, तुमच्या वस्तीची कम्युनिटी लीग, म्हणजे तिथल्या रहिवाशांनीच चालवलेलं मंडळ. एडमंटनमध्ये अशा दीडशेहून जास्त लीग आहेत आणि पहिली १९१७ सालची. पुष्कळ ठिकाणी स्केटिंगचं मैदान असतं, शेजारी गरम खोली असते आणि कित्येक लीगमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांची प्लेस्कूलही चालते. मुलाला आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी तिथे घालता आलं तर बघ. दोन तासांनी तुझ्या अर्ध्या कटकटी संपतील आणि त्याचा टीव्ही आपोआप कमी होईल. मराठी मंडळ आहेच, पण त्याची भेट सणावारी. तुला मंगळवारी दुपारी लागेल असं माणूस हवंय.

आता नवरा. त्याचं म्हणणं खोटं नाही, सगळे राहतात. बारा तासांची पाळी उपसणं हे खायचं काम नाही, तेही मान्य. पण कॅम्पवर त्याला जेवण तयार मिळतं, खोली गरम मिळते, आणि मुख्य म्हणजे बोलायला मोठी माणसं मिळतात. तुला यातलं एकही नाही, हे त्याला भांडणाच्या भरात न सांगता कागदावर लिहून दाखव. घरी आल्यावर पहिला दीड दिवस त्याला झोपू दे. नंतरच्या दिवसांतली एक सकाळ संपूर्ण तुझी, मुलं त्याच्याकडे, आणि तू घराबाहेर. घरात बसून 'आराम' करायचा नाही, कारण बाळ दाराशी येऊन रडणार. परत जाण्याआधी त्याने करायच्या गोष्टीही ठरवून टाका: जड किराणा, फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राचा, फिल्टर, आणि दारापुढच्या फुटपाथवरचा बर्फ कोण काढणार याची सोय. स्वतंत्र घर असेल तर तो बर्फ काढणं महापालिकेच्या नियमाने तुमच्यावरच आहे. चौदा दिवस बाळाला कडेवर घेऊन तू फावडं मारायचं, असं होऊ देऊ नकोस. गल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला पैसे देऊन काम लावून द्या. निसरड्यावर टाकायला वाळू शहरात जागोजागी पेट्यांतून फुकट मिळते.

सासूबाईंचं म्हणणं मला समजतं. त्यांच्या डोक्यात थंडी म्हणजे निफाडची, पारा सहा-सातवर उतरला की पेपरात येते ती. त्या घरांत शेगडी नाही, फरशी गार, खिडक्यांच्या फटीतून वारा. तुझ्या घरात वीस-एकवीस अंश असतात. खरं सांगायचं तर जानेवारीतल्या पहाटे नाशिकच्या घरात तुझ्या बाळाला एडमंटनच्या घरापेक्षा जास्त गार लागेल. तेव्हा घरात टोपी-स्वेटर नको, घामोळं येतं. आणि बाहेर न्यायचं. किती थंडीत, त्यालाही हिशेब आहे: कॅनडातले बालरोगतज्ज्ञ सांगतात, पारा उणे पंचवीसच्या खाली गेला किंवा वाऱ्यासकट, म्हणजे विंड चिल, उणे अठ्ठावीस झाला की मुलांना आत घ्या, कारण तिथून पुढे उघडी कातडी काही मिनिटांत गोठायला लागते. म्हणजे परवाचं उणे अठरा, वारा नसेल तर, नीट कपडे घालून पंधरा-वीस मिनिटं खेळायचं हवामान होतं. सकाळी तापमान बघताना विंड चिलचा आकडा बघायची सवय लाव. गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढरट, मेणचट डाग दिसला तर लगेच आत यायचं आणि तळहाताने नुसतं झाकून ऊब द्यायची. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना काम दे. तुझा सगळ्यात वाईट वेळ कोणता, ते मी न विचारता सांगते: संध्याकाळी साडेचार ते सहा. डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो, पोरं किरकिरतात, स्वयंपाक बाकी असतो. तुझे संध्याकाळचे पाच म्हणजे नाशिकचे पहाटेचे साडेपाच. सासूबाई उठलेल्या असणार. त्यांना सांग, रोज या वेळी नातवाला फोनवर घ्या. तुळशीला पाणी घालताना दाखवा, चहा गाळताना दाखवा, गोष्ट सांगा. फोन ओट्यावर टेकवून ठेव आणि कुकर लाव. आजीला नातू मिळेल, तुला वीस मिनिटं मिळतील, आणि 'बाहेर काढू नकोस' म्हणायला त्यांना सवड उरणार नाही.

आता कपडे. आपण पहिल्या वर्षी सगळेच एक चूक करतो: आत सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट, वरून जाडजूड जॅकेट. सुती कापड घाम पितं, ओलं राहतं आणि ओल्या अंगाला थंडी दुप्पट लागते. अंगाला लागून लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं पातळ, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार उबदार कापड, सगळ्यात वर स्नोसूट. बाळाला अखंड एका तुकड्याचा स्नोसूट घे, मुलाला छातीपर्यंत येणारी स्नोपँट आणि जॅकेट. बोटांचे हातमोजे नकोत. मिटन्स घे, त्यात चारही बोटं एकत्र राहून एकमेकांना गरम ठेवतात. मफलर नको, घसरगुंडीवर अडकतो. गळ्यात घालायचा नेक वॉर्मर मिळतो तो घे. बूट पायाला घट्ट नकोत, आत बोटं हलली पाहिजेत. मोजे दोन-दोन कोंबले की रक्त खेळत नाही आणि पाय उलट गार पडतात. नवं घेऊ नकोस. ही मुलं एका हिवाळ्यात कपडे लहान करतात, त्यामुळे व्हॅल्यू व्हिलेजसारख्या जुन्या सामानाच्या दुकानांत आणि फेसबुक मार्केटप्लेसवर जवळजवळ कोरे स्नोसूट मिळतात.

कपडे चढवायला लागणारा वेळ मात्र क्रमावर अवलंबून असतो. आधी दोघांची शू-शी. नाहीतर शेवटची चेन लावली, की मुलगा 'आई, मला शू' म्हणणार हे ठरलेलं. मग तू स्वतः तयार हो, फक्त जॅकेट सोडून. मग मुलगा: स्नोपँट, मग बूट, मग नेक वॉर्मर, टोपी, मिटन्स, आणि त्यावरून जॅकेट. मिटन्स आधी आणि बाही वरून, म्हणजे मनगटात बर्फ शिरत नाही. चार वर्षांच्या मुलाला जॅकेट स्वतःचं स्वतः घालता येतं, इथल्या प्लेस्कूलमध्ये हेच शिकवतात: जॅकेट जमिनीवर उताणं पसरायचं, आतली बाजू वर आणि कॉलर आपल्या पायाशी. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि झपकन डोक्यावरून मागे उलटवायचं. पहिल्यांदा उलटंसुलटं होईल. जमलं की मात्र तो तुला मदतीलाही येऊ देणार नाही, आणि ती दोन मिनिटं तुला बाळासाठी मिळतील. बाळ सगळ्यात शेवटी. स्नोसूटमध्ये ते गरम होऊन भोकाड पसरायच्या आत दार उघडायचं.

कुणी गाडीतून नेणार असेल तर एक लक्षात ठेव. कारसीटमध्ये जाड स्नोसूट घालून बाळाला बांधायचं नाही. अपघातात तो फुगार कपडा दबतो आणि पट्टे ढिले पडतात. पातळ फ्लीसमध्ये पट्टे आवळायचे आणि पट्ट्यांवरून पांघरूण टाकायचं.

बाहेर जाऊन करायचं काय? काही नाही. घरापासून कोपऱ्यापर्यंत. प्लास्टिकची एक स्लेड घे, स्वस्तात मिळते, आणि दोघांना त्यात बसवून ओढ. बाबागाडीची चाकं बर्फात रुततात, स्लेड सरकते. मुलगा बर्फाचा माणूस करायला बघेल आणि चिडेल, कारण कडक थंडीतला बर्फ कोरडा, रव्यासारखा असतो, त्याचा गोळाच होत नाही. तो शून्याच्या जवळपास पारा आला की होतो. तोवर बादली, फावडं आणि रंगाचं पाणी भरलेली स्प्रेची बाटली दे. बर्फावर लाल-निळे शिंतोडे उडवायला पोरांना वेड लागतं.

वेळ मात्र साडेअकरा ते दोनच्या मध्येच धर. २१ डिसेंबरच्या आसपास एडमंटनला सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. नाशिकचा सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा. हा दुपारचा उजेड तुझ्या डोक्यासाठी आणि मुलांच्या रात्रीच्या झोपेसाठी आहे. ड जीवनसत्त्व त्यातून मिळणार नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन आणि एडमंटनचा सूर्यप्रकाश तपासला होता. एडमंटनला ऑक्टोबर ते मार्च त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतकी ताकद उन्हात नसते असं त्यात दिसलं. आपल्या सावळ्या कातडीला तर आणखी जास्त ऊन लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला कॅनडात रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात. ते चालू आहेत ना बघ, आणि तुझ्या स्वतःच्या गोळीचं डॉक्टरला विचार.

मधूनच असे तीन-चार दिवस येतील की बाहेर पाऊल टाकणं शक्य नाही. जानेवारी २०२४ मध्ये एडमंटन विमानतळावर पारा उणे पंचेचाळीसच्या खाली गेला होता. १३ तारखेच्या संध्याकाळी प्रांतभर सगळ्यांच्या फोनवर भोंगे वाजले, वीज जपून वापरा म्हणून. लोकांनी पटापट दिवे, ड्रायर बंद केले आणि अंधार टळला. अशा दिवसांत नियम सैल सोड. दुपारी टबात कोमट पाणी भरून पोरांना तासभर डुंबू दे, टीव्ही लाव, खिचडी टाक. बाकीच्या दिवसांत बाहेर पडलेलं असलं की हे दिवस मजेचे वाटतात.

आणि महिन्यातून एकदा, नवरा घरी असताना, मटार्ट कन्झर्व्हेटरीला जा. नदीकाठचे ते काचेचे चार पिरॅमिड तू पाहिले असशील. त्यातल्या उष्ण कटिबंधाच्या पिरॅमिडमध्ये शिरलं की चष्म्यावर वाफ धरते, ओल्या मातीचा वास येतो, अंगाला दमट हवा चिकटते. जूनमधलं कोकणच. बाहेर उणे वीस असताना स्वेटर काढून तिथे तासभर बसायला मला अजूनही आवडतं.

बाथरूममधल्या रडण्याविषयी मात्र सरळ बोलते. कधीमधी रडू येणं दमल्याचं असतं. पण दोन आठवडे जवळजवळ रोज असं होत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, जेवावंसं वाटत नसेल, तर ते हवामानावर ढकलू नकोस. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ८११ ला, म्हणजे अल्बर्टाच्या आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. रात्री-बेरात्री नर्स बोलते आणि दुभाषीही मागता येतो. बाळाच्या बाराव्या महिन्याच्या लसीला जाशील तेव्हा तिथल्या नर्सला हेच सांग, तिला ते नवीन नसतं. आणि स्वतःला किंवा मुलांना काही करावं असा विचार मनात एकदा जरी आला, तरी त्याच क्षणी ९८८ ला, म्हणजे आत्महत्येच्या विचारांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन कर. तसं असेल तर माझं संक्रांतीचं वेळापत्रक विसर, नवऱ्याला कॅम्पवरून बोलावून घे.

नसेल, तर नाशिकचं बोलू. आत्ता गेलीस तर इथे अजून कुणाशी ओळख नाही, मुलाला मित्र नाही, आणि होळीनंतर परत येशील तेव्हाही दारात बर्फच असेल, एप्रिलमध्येही पडतो. म्हणजे चार महिन्यांनी सगळं पहिल्यापासून, वर नाशिकची सवय लागलेली. शिवाय नवरा दर चौदा दिवसांनी रिकाम्या घरात येणार. त्याऐवजी डिसेंबर लायब्ररी, प्लेस्कूल आणि शेजारीण पक्की करण्यात घालव. नाताळच्या गर्दीत तिकिटं महाग असतात, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून उतरतात. बाराव्या महिन्याची लस उरकून नीघ. तिकडे रथसप्तमीच्या आत बाळाचं बोरन्हाण होईल. दोन्ही आज्यांना काळं झबलं आणि हलव्याचे दागिने करायला आत्तापासून सांगून ठेव, आणि बोरं, ऊस, हरभरे बाजारात असतातच. फेब्रुवारीच्या शेवटी परत येशील तेव्हा एडमंटनचा दिवस साडेदहा तासांच्या वर गेलेला असेल आणि सहा वाजता बाहेर उजेड असेल.

तिकीट काढण्याआधी नवऱ्याच्या रोटेशनचा तक्ता समोर ठेव. परतीची तारीख त्याच्या सात दिवसांतल्या पहिल्या-दुसऱ्या दिवसावर धर. साडेबारा तासांचा फरक पडलेली दोन पोरं रात्री दोनला टक्क जागी होऊन खेळायला मागतात, आणि तेव्हा त्यांच्याबरोबर बसायची पाळी त्याची.